पब्लिकनं मारलं

अन्याय झाला तो आमच्या एसटी स्टँडमागे विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून देणाऱ्या चाचांवर. यंदाच्या मार्चमधल्या शेवटच्या बुधवारी, दुपारी सव्वातीन वाजता, भर बाजाराच्या दिवशी. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली, दोन बरगड्या गेल्या. हे कुणी केलं, याच्या जागी पोलिसांच्या कागदावर एकच शब्द आहे: पब्लिक. तो शब्द माझ्या अक्षरात आहे.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी पत्रकं लिहितो. पत्रक वाचणारा माणूस पहिल्या चार ओळी वाचतो आणि त्यात भजी बांधतो, त्यामुळे महत्त्वाचं वर लिहायची सवय लागली आहे. बंद पडलेल्या एसटीच्या फेऱ्या, रेशनचं धान्य, गेवराईकडून येणारे वाळूचे हायवा ट्रक, सगळ्यांवर लिहून झालं. गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे पाठवतात. अक्षर चांगलं आहे आणि भीड नाही, अशी माझी ख्याती होती. दुसरी गोष्ट खोटी निघाली.

शाळेत इंग्रजीच्या सरांनी शिकवलं होतं, पीपल म्हणजे लोक. ते पीपल पुस्तकातच राहिलं. गावात आली ती पब्लिक. कंडक्टर दारात उभा राहून म्हणतो, "लई पब्लिक हाय, मागच्या गाडीनं या." लग्नाचा आचारी तांदूळ भिजवायच्या आधी विचारतो, "पब्लिक किती धरू?" पुढाऱ्याच्या सभेला पब्लिक आणावी लागते, टेम्पोतून. आणि मी मोठ्यानं बोलायला लागलो की आई म्हणते, "पब्लिकमधी असं बोलू नको रे." मीही हा शब्द भरपूर वापरला. पत्रकात 'जनता' लिहिलं की ते सरकारी वाटतं, 'लोक' लिहिलं की मिळमिळीत. 'पब्लिक' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, आपल्या मागं पाचशे जण उभे आहेत. मलाही तसंच वाटायचं आणि ते फार आवडायचं.

फेब्रुवारीपासून आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. आत तांब्याची तार असते, ती विकली जाते. पोलीस तक्रार घेत नव्हते, म्हणून मी पत्रक काढलं. शेवटची ओळ होती, "आता पब्लिकच बंदोबस्त करील." ही ओळ लोकांना आवडली. सलूनमध्ये, डेअरीवर, हॉटेलच्या काउंटरवर ते पत्रक चिकटलं. डेअरीवाला माझा वर्गमित्र. तो पाठीवर थाप मारून म्हणाला, "झणझणीत लिव्हलंस बे."

चाचांचं काम तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, कारण सगळं त्या कामावरच फिरलं. जळालेली मोटार आली की चाचा आधी तिच्यावरची नंबरची पट्टी काढतात. मग मोटार उघडायची, जळकी तार काढायची, नवी तार बोटांनी एकेक वेढा बसवत भरायची, वॉर्निश द्यायचं आणि शेवटी वरून हिरवा ऑइलपेंट मारून दुकानापुढे उन्हात वाळत ठेवायची. पेंट लागून नंबर बुजू नये म्हणून पट्टी तेवढा वेळ आतल्या बिस्किटाच्या डब्यात राहते. पेंट वाळला की चाचा ती पुन्हा ठोकतात. आमच्या भागातले सगळे मोटारी भरणारे असंच करतात. पण शेतकरी मोटार टाकायला येतो आणि न्यायला येतो, मधलं कुणी बघत नाही.

त्या बुधवारी दुकानापुढे एक मोटार वाळत होती. ताजा हिरवा रंग, पट्टी नाही. जिथं पट्टी असते तिथं चार भोकं. तीनच दिवसांपूर्वी मोटार चोरीला गेलेला एक शेतकरी बाजार करून चालला होता. तो थांबला, खाली बसला, त्या भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही माझीच वाटतीय."

एवढंच तो म्हणाला. त्यानं हात उचलला नाही, हेही लिहिलं पाहिजे. पण बाजाराचा दिवस. शेजारचा थांबला, त्याच्या मागचा थांबला. मी समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो, आवाज वाढला म्हणून उठून आलो. तोवर तीस-चाळीस जण झाले असतील.

"नंबर कावून काढला?" कुणीतरी विचारलं.

चाचा शांत होते. त्यांना वाटलं, प्रश्न विचारलाय, उत्तर द्यायचं. म्हणाले, "पट्टी आत हाय भाऊ, डब्यात. आणून दाखवतो." आणि ते वळले.

ते वळले आणि मागून आवाज आला, "पळतोय, पळतोय."

मी पुढं काय बघितलं ते तुकड्यातुकड्यांनी आठवतं. चाचांची टोपी खाली पडली. बिस्किटाचा डबा त्यांच्या हाताला लागला होता, तो उलटला आणि पट्ट्या फरशीवर वाजल्या. त्यांच्याच दुकानातला पाइपपान्हा कुणीतरी उचलला. कुणी, ते मला माहीत आहे. मारणाऱ्या चार जणांचे चेहरे मला स्वच्छ दिसले, चौघांनाही मी रोज बघतो. बाकीचे मारत नव्हते, पण हलतही नव्हते. नुसते दाटून उभे होते, आणि आतल्याला बाहेर निघायला जागा नव्हती. त्या दाटीत मीही होतो. मी म्हणालो, "अरे, डबा तरी बघा." माझ्या मते मोठ्यानं म्हणालो. माझ्या पुढचा माणूस वळला. ओळखीचा होता, पण त्याच्या डोळ्यांत ओळख नव्हती. म्हणाला, "तू कुणाकडून हाईस बे?"

जीभ टाळूला चिकटते म्हणतात, तसं झालं नाही. जीभ नीट होती. मी म्हणालो, "कुणाकडून न्हाई." आणि गप्प झालो.

मागं कुणीतरी हसून ओरडलं, "पब्लिक बंदोबस्त करतीय." माझी ओळ.

साडेतीनला चौकीतले जमादार आले तेव्हा रस्ता मोकळा होता. चाळीस माणसं पाच मिनिटांत कुठं जातात हे मी त्या दिवशी बघितलं. कुणी मिरच्या निवडत होता, कुणी दोरखंडाचा भाव करत होता. चाचांना एका रिक्षात घालून पुढं पाठवलं. फरशीवर रक्त, हिरवा रंग आणि पट्ट्या. पंचनाम्याला दोन पंच लागतात. हॉटेलवाला एक झाला. जमादारांनी मला बघितलं आणि त्यांना बरं वाटलं.

"या लेखक. तुमचं अक्षर चांगलं हाय, मी सांगतो, तुमी लिव्हा."

आमच्याकडे हे नवीन नाही. मी दोनदा अपघाताचे पंचनामे असेच लिहून दिले होते. त्याचा थोडा तोराही होता. मी बसलो. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. जागा, दिशा, दुकानाचं तोंड कुठं. मग मारणारे. मी विचारलं, "अज्ञात इसम लिहू?"

"इसम लिव्हलं की किती इसम, उंची किती, कपडे कोणते, समदं आलं. मग ते शोधा. पब्लिक लिव्हा. अनोळखी पब्लिकनं चोरीच्या संशयावरून मारहाण केली. झालं."

रस्त्याच्या पलीकडे डेअरीवाला उभा होता. चौघांतला तो एक. हाताची घडी घालून माझ्या पेनाकडे बघत होता. मी 'अनोळखी' हा शब्द लिहिला तेव्हा तो माझ्यापासून वीस पावलांवर होता. मग मी 'पब्लिक' लिहिलं. खाली सही केली. हॉटेलवाल्यानं न वाचता केली, मी तर स्वतः लिहून केली.

पब्लिक म्हणजे काय, याचा सगळ्यात पक्का अर्थ मला त्या कागदावर समजला. जिच्यावर केस होत नाही ती पब्लिक. ती मारते, पण तिला हात नसतात. ती बघते, पण तिचा जबाब होत नाही.

दोन दिवसांनी नेकनूरकडचा एक शेतकरी आपली मोटार न्यायला आला. पावती त्याच्या खिशात, नंबर पावतीवर, आणि तोच नंबर फरशीवरून गोळा केलेल्या पट्ट्यांतल्या एकीवर. हिरवी मोटार त्याची होती. ही बातमी गावभर झाली, आणि मला वाटलं होतं की आता कुणीतरी चाचांच्या घरी जाईल. कुणी गेलं नाही. सलूनमध्ये एवढंच बोलले, "पब्लिकचं काय, पब्लिक भडकती." जणू ढग आला होता आणि गेला.

मी अंबाजोगाईला गेलो, सरकारी दवाखान्यात. वॉर्डात चाचा भिंतीला टेकून बसले होते, हात प्लास्टरमध्ये, बाहेर नुसती टोकं. चाची सफरचंद चिरत होत्या. चाचांनी मला बसायला जागा केली. जखमी माणूस पाहुण्याला जागा करतो हे बघणं फार वाईट असतं.

"बेटा, डॉक्टर म्हणतात बोटं जुळतील, पण वळणार न्हाईत पहिल्यासारखी," ते म्हणाले. "तार भरायला बोट वळावं लागतं."

मी काहीतरी बोललो.

"एक सांग. तू व्हतास ना तिथं?"

"होतो, चाचा."

"कागद तू लिव्हलास म्हणे."

"हो."

"मग बराबर लिव्हलं असशील," चाचा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. चाची मात्र सुरी थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. त्या म्हणाल्या, "गल्लीत अजून चोराची बायको म्हणून बघतात मला. पब्लिक म्हणते." आणि पुन्हा सफरचंद चिरायला लागल्या.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, जबाब द्यायचा. ठरवल्यावर अडीच महिने दिला नाही. का, तेही लिहितो, कारण भित्र्यानं आपली भीती तरी नीट सांगावी. एका सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो तर वर्गमित्र माप ओतता ओतता म्हणाला, "अंबाजोगाईला गेलतास म्हणं."

"गेलतो."

"जा की. माणुसकी हाय. पर तिथलं तिथं, हितलं हितं." मग हसला. "न्हाईतर पब्लिकला काय, आज एकाला धरलं, उद्या दुसऱ्याला. मी काय सांगणार पब्लिकला?"

त्या दिवसापासून मी रस्त्यानं चालताना मागं बघायला लागलो. बाजाराच्या दिवशी बाहेर पडायचं टाळतो. चार माणसं एका जागी उभी दिसली की मोजतो, आणि त्यांच्यातला कोण माझ्याकडे बघतोय ते बघतो. एकदा स्टँडवर कुणीतरी नुसतं "धर रे" म्हणालं, पोत्याला हात लावायला. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आईला मी सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "समद्या गावानं बघितलं. तुला एकट्यालाच कावून पडलंय?"

"सगळे असंच म्हणतायत आई."

"मग ते येडे हाईत व्हय?"

ती वाईट बाई नाही. चाचांनी आमची मोटार दोनदा भरली आहे, तिला ते ठाऊक आहे. ती घाबरली आहे. माझ्यासारखीच.

गेल्या सोमवारी मी चौकीत गेलो. आधी दोनदा दारावरून परत आलो होतो. जमादारांना सांगितलं, पंचनाम्यात मी अनोळखी लिहिलं ते खोटं आहे, चौघांना मी ओळखतो. ते म्हणाले, "तुमीच लिव्हलं, तुमचीच सही, आता तुमीच खोटं म्हणता. कोर्टात वकील तुमाला सोलून काढील." मी म्हणालो, काढू दे. त्यांनी जबाब घेतला. या वेळी स्वतःच्या अक्षरात. चार नावं लिहिली. ती मी इथं छापत नाही, ती जिथं पाहिजेत तिथं आहेत. पेन खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "एकट्याच्या जबाबावर हे टिकत न्हाई. अजून एक तरी आणा. चाळीस जण व्हते म्हणता ना."

बाहेर आलो तेव्हा रस्त्यापलीकडे दोघं उभे होते. मी त्यांच्याकडे न बघता घरी आलो, आणि तेव्हापासून दाराला आतून कडी आहे. दुपारीही. हॉटेलवाल्याकडे गेलो, तो म्हणाला, "मी भजी तळत व्हतो, मला काय दिसणार?" आणखी पाच जणांकडे गेलो. पाचही जण बाजारात होते, पाचही जण दुसरीकडे बघत होते.

म्हणून हे पत्रकात न लिहिता असं सविस्तर लिहिलं. तुम्ही त्या बुधवारी स्टँडमागे होता. मिरच्या घ्यायला थांबला असाल, गाडीची वाट बघत असाल, मोबाइल वर धरला असेल. तुम्ही मारलं नाही, मला माहीत आहे, मीही मारलं नाही. चौकी सकाळी दहाला उघडी असते. या, स्वतःचं नाव सांगा, गावाचं नाव सांगा, काय बघितलं ते सांगा आणि खाली सही करा. मला दुसरा माणूस पाहिजे. तुम्ही या.