बाल्सा कापायला नेलेला वस्तरा

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. मधली तीन दुकानं सोडली की माझ्या मित्राचं कटिंगचं दुकान. आम्ही पहिलीपासून एका वर्गात. दहावीनंतर तो वडिलांच्या खुर्चीमागे उभा राहिला, आणि तेव्हापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते परक्या माणसाशी केलेलं नाही.

चाळिशी उलटल्यावर मला विमानं बनवायचा नाद लागला. हातभर लांबीची, रबराला पीळ देऊन सोडायची, पण खरी उडणारी. गिऱ्हाईक नसलं की दुकानातल्या कॉम्प्युटरवर तेच पाहत बसायचो. मग एकदा बाल्साच्या लाकडाच्या फळ्या कुरिअरने मागवल्या. हातात घेतल्यावर वाटलं, खोकं रिकामंच आलं की काय, इतकं हलकं.

अडचण कापण्याची होती. बाल्सा मऊ असतो, म्हणून कुणालाही वाटेल की सहज कापला जाईल. तसं होत नाही. लॅमिनेशनच्या कटरने कापायला गेलो, तर लाकूड कापलं जायच्या आधी चेपलं जायचं आणि कड दातवणाची काडी चावल्यासारखी व्हायची. हॅक्सॉचं पातं घासून सुरी केली. ती जाड, त्यामुळे फळी उभी फाटली. दाढीचं अर्धं ब्लेड आईस्क्रीमच्या काडीत बसवलं. त्याला धार होती, पण दम नव्हता. लाकडाच्या रेषा जिकडे नेतील तिकडे वाकायचं. पंखाच्या आतल्या पातळ फासळ्या, चोवीस, एकसारख्या कापायच्या होत्या. त्यातल्या तीनही धड निघेनात. बायको म्हणाली, "एवढी धार विळीले लावली असती तं दोन वर्षं भाजी झाली असती."

एका बुधवारी कटिंग करून घेताना मी हे रडगाणं मित्राला सांगितलं. त्याने कैची थांबवली. आरशाखालच्या फळीवरून एक कापडाची गुंडाळी काढली आणि त्यातून त्याच्या वडिलांचा वस्तरा बाहेर आला. शिंगाची मूठ पिवळी पडलेली, पातं घासून घासून अरुंद झालेलं. आता सगळीकडे बदलायची ब्लेडं चालतात, त्यामुळे या वस्तऱ्याने कुणाची दाढी करायचा प्रश्नच नव्हता. तरी मित्र तो दर अमावस्येला धारेच्या दगडावर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून ठेवायचा.

"आन तुहं लाकूड," तो म्हणाला.

मी पळत जाऊन एक तुकडा आणला. त्याने तो आरशासमोरच्या फळीवर ठेवला, वस्तरा टेकवला आणि स्वतःकडे ओढला. काही आवाज झाला नाही. दोन तुकडे वेगळे झाले, दोन्ही कडा गुळगुळीत.

"तू दाबतं," तो म्हणाला. "दाबाचं नाही. ओढाचं. चामडी अन् हे सारखंच हाय."

मी काही मागितलं नव्हतं. त्यानेच वस्तरा मिटून माझ्या हातात दिला. "आठ दिवस ने. धार गेली तं मले आनून देजो, मी लावून देईन. तू त्याले काही करजो नोको."

चार दिवसांत माझ्या चोवीस फासळ्या झाल्या. इतकं सुंदर काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. पण फासळ्यांच्या मधोमध वजन कमी करायला भोकं पाडायची होती, आणि त्या कोपऱ्यांत वस्तऱ्याचं गोल टोक जाईना. पाचव्या दिवशी मी तो घेऊन वेल्डिंगच्या दुकानात गेलो. तिथला माणूस जेवायला बसला होता. मी म्हणालो, ग्राइंडरचं मशीन मीच चालवतो. टोक थोडंसं तिरपं करायचं, एवढंच मनात होतं. पातं चाकाला लावलं, ठिणग्या उडाल्या, आणि बघता बघता पोलादावर निळी झाक चढली. घाबरून मी ते बाजूच्या पाण्याच्या डब्यात बुडवलं. टच्च असा आवाज आला. बाहेर काढलं तेव्हा बोटभर तुकडा डब्यातच राहिला होता. उरलेल्या पात्याची धार तापून मऊ पडली होती, नखाने वाकत होती.

तेव्हाच मित्राकडे गेलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. मी तसं केलं नाही. दोन्ही तुकडे फोटो पेपरच्या पाकिटात घालून माझ्या दुकानातल्या खालच्या खणात ठेवले.

आठवड्याने त्याने विचारलं, "झालं का विमान?"

"थोडं राह्यलं," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी परत विचारलं. तेव्हा म्हणालो, "आनून देतो गड्या, घरी हाय." त्यानंतर त्याने विचारलं नाही. मला ते सोयीचं वाटलं. केस वाढले तेव्हा त्याच्या खुर्चीत बसायची हिंमत होईना. आरशात सारखं एकमेकांच्या तोंडाकडे पाहावं लागतं. मालेगावला कागद आणायला जातो म्हणून एसटीत बसलो आणि तिथे कटिंग करून आलो. पुढच्या महिन्यातही तसंच. सकाळी दुकान उघडायला मी मागच्या गल्लीने यायला लागलो. चहासुद्धा दुकानातच मागवायचो.

जानेवारीत विमान पुरं झालं. शाळेच्या मैदानावर सोडलं तेव्हा वीस-पंचवीस माणसं जमली. ते वर चढलं, कडुनिंबाच्या शेंड्याएवढं गेलं, एक गोल चक्कर मारून गवतात उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओळखीच्या एका मास्तरांनी पंख उलटून पाहिला. "इतकं बारीक कशानं कापलं?"

"साधं कटर," मी म्हणालो. मान वर केली तर मास्तरांच्या मागे मित्र उभा होता. दुकान बंद करून तो खास पाहायला आला होता. माझ्याकडे पाहून तो किंचित हसला आणि लोक पांगायच्या आधीच निघून गेला. विमान पुन्हा सोडायचा लोकांनी आग्रह केला. मी रबर तुटलं म्हणून सांगितलं.

पुढची गोष्ट लिहायला मला सगळ्यात जड जाते. मी ऑनलाइन तसाच दिसणारा एक वस्तरा मागवला. नवाकोरा आला, चकचकीत. चिंच आणि विटेचा चुरा लावून मी त्याची चमक घालवली. मूठ प्लास्टिकची होती, ती चहाच्या पाण्यात उकळून पिवळी केली. गॅसपाशी उभा राहून भांडं हलवत असताना बायकोने विचारलं, "काय करून राह्यले तुमी?" मी म्हणालो, "रंग." वय चव्वेचाळीस, आणि मी हे करत होतो.

उन्हाळा लागल्यावर एका दुपारी तो वस्तरा खिशात घालून मी मित्राच्या दुकानात गेलो. दुकान रिकामं होतं. तो गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला होता. माझ्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलंच नाही, कानामागच्या केसांकडे पाहिलं.

"मालेगाव," तो म्हणाला. "स्टँडसमोरचा कटिंगवाला. डाव्या बाजूनं केस जास्त उतरवते तो."

मी कानामागून हात फिरवला.

"बस ना." मी बसलो. मग तो म्हणाला, "कधी समजलं तुले?"

"काय?"

त्याने उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं किंचित हलत होती. पाहायला सांगितलं नसतं तर मला दिसलीही नसती. "दिवाळीपासून हाय. दाढीचे दोघं-तिघं सोडून गेले, त्याचं काही वाटलं नाही. पन तू दुकानात याचा बंद झाला, तवा मी म्हतलं, आता खरंच दिसून राह्यलं. तू तोंडावर बोलनार नाही, मले माहीत होतं. वाशीमले जाऊन डॉक्टरले दाखवलं. दाढी करनंच बंद केलं मी. कोनाले कापलं-बिपलं तं?"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. माझा हात खिशात गेला आणि मी तो खोटा वस्तरा काढून त्याच्यापुढे केला. "हा द्यायचा राहिला होता," मी म्हणालो. चार महिने त्या एका वाक्याची तयारी केली होती, तेच तोंडातून गेलं.

त्याने तो घेतला. उघडलासुद्धा नाही. तळहातावर नुसता तोलला.

"हा कोनाचा हाय?"

मग मी सगळं सांगितलं. मशीन, पाण्याचा डबा, खण, चिंच, चहा. सांगताना खाली फरशीवर पडलेल्या केसांकडे पाहत होतो. माझं संपलं. मला वाटलं, वडिलांच्या वस्तऱ्याबद्दल बोलेल.

"म्हंजे माह्या हाताचं तुले काही माहीतच नोतं," तो म्हणाला.

"नाही."

"चार महिने मी रोज सकाळी हात धरून पाहून राह्यलो. तुह्यापायी." त्याचा आवाज चढला. "वस्तरा गेला, म्या दोन दिवस शिव्या देल्ल्या असत्या. तू मानूस कसा हायेस बे?" मग एकदम उठला, खणातून एक ब्लेड काढलं, कागदासकट उभं मोडलं, अर्ध्याचं टोक पुन्हा तिरपं मोडलं आणि ते दोन पत्र्याच्या पट्ट्यांत धरून माझ्यापुढे आपटलं. "कोपरेच कापाचे होते ना? हे रोज करत होतो मी. इचारलं असतं तं दोन मिनिटांचं काम होतं."

मी त्याच्या वडिलांच्या वस्तऱ्याचे तुकडे त्याच दिवशी आणून दिले. त्याने पाकीट न उघडता घेतलं. खोटा वस्तरा मला परत दिला. मी तो येताना नाल्यात टाकला.

आता दर महिन्याला मी त्याच्याकडेच बसतो. पहिल्या वेळी त्याने नाही म्हटलं नाही, नुसतं कापड झटकून माझ्या गळ्याभोवती बांधलं. डॉक्टरांच्या गोळीने त्याचा हात पुष्कळ थांबला आहे, दाढीचे काही लोक परत आले आहेत. तरी माझी दाढी तो करत नाही. एकदा मी म्हणून पाहिलं. "घरी करून घेजो," तो म्हणाला.

त्याने मोडून दिलेल्या ब्लेडाने बाल्सा चांगला कापला जातो. मी दुसरं विमान अर्धं केलं आहे. ते कशाने कापतो हे कुणी विचारलं तर त्याचं नाव सांगतो. त्याने ते ऐकलं आहे की नाही, ठाऊक नाही. गेल्या वेळी मी पुन्हा एकदा चुकलं म्हणून बोलायला लागलो. त्याने माझी मान धरून पुढे वाकवली आणि मशीन सुरू केली.