आईच्या पायाशी ठेवलेला हीटर

धुळ्याची थंडी हाडात शिरते. त्या वर्षी आई फोनवर दोनदा म्हणाली, "पाय गार पडतात गं," म्हणून मी जळगावच्या बाजारातून हीटर घेऊन गेले. दोन लाल नळ्या, पुढे तारेची जाळी. उलटला तर आपोआप बंद होतो, असं खोक्यावर छापलेलं होतं. तेवढं पाहूनच मी तो निवडला. नानांना, म्हणजे वडिलांना, ते वाचूनही दाखवलं.

आईला बरीच वर्षं मधुमेह होता. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला कळायचं नाही. असे बधीर पाय हीटरसमोर धरावेत का, हे डॉक्टरांना विचारायचं मात्र आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी नाना दूध आणायला गेले. आई खुर्चीत बसली होती, मांडीवर गोधडी. उठताना गोधडीच्या टोकात हीटर अडकला आणि तिच्या पावलांवरच आडवा झाला. बंद झाला नाही. जळका वास आला तेव्हा तिला वाटलं, शेजारी कुणी कचरा पेटवलाय. नाना परतले तेव्हा खोलीत धूर होता. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग बादलीभर पाणी ओतलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा आई माझा हात धरून म्हणाली, "माले कळनंच नही." जणू चूक तिचीच होती. पुढच्या आठवड्यात तिच्या उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली.

ओळखीच्या एका वकीलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "हीटर कुठंय?" नानांनी तो रागाने मागच्या अंगणात फेकला होता. "पुसू नका, उघडू नका, भंगारात तर अजिबात देऊ नका. आणि बिल शोधा," त्या म्हणाल्या. बिल माझ्या पर्समध्येच होतं. हीटर उचलला किंवा उलटला की तळाचा खटका बाहेर यायला हवा, तरच वीज तुटते. आमच्या हीटरचा खटका आतच अडकून बसला होता. पुढे तपासणीतही तेच निघालं.

हीटरच्या कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात द्यायचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवायला वकीलबाई घरी आल्या. "हीटर खुर्चीपासून पुरेशा अंतरावर होता," या वाक्याशी नानांनी त्यांना थांबवलं.

"नव्हता. जाताना मीच पायाशी सरकवला."

"नाना, समोरचे हेच धरून बसतील," वकीलबाई म्हणाल्या.

"बसू द्या. जे व्हयनं ते बठ्ठं लिखा." झालं ते सगळं लिहा, यावर नाना अडून राहिले.

आई पलंगावरून ऐकत होती. हे तिलाही नवीन असावं, कारण ती बराच वेळ नानांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मीच सांगेल व्हतं त्यासले." हीटर जवळ सरकवायला तिनेच सांगितलं होतं, हेही वकीलबाईंनी लिहून घेतलं. त्यांना रिक्षापर्यंत सोडायला आम्ही दोघं गेलो. रिक्षा वळल्यावर नाना रस्त्याकडे पाहत म्हणाले, "तिने सांगितलं नव्हतं."

समोरच्यांनी खरंच तोच मुद्दा धरला. हीटर वापरणाऱ्यांनीच निष्काळजीपणा केला, असं त्यांचं म्हणणं. तारखा पडत गेल्या. एका तारखेला आई चाकांच्या खुर्चीत बसून आली. त्या दिवशी कामकाज झालं नाही. दुसऱ्या हिवाळ्याआधीच ती गेली. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं कारण सांगितलं. पण त्या सकाळनंतर ती स्वतःच्या पायांनी दारापर्यंतसुद्धा गेली नव्हती. तक्रारीत तिच्या जागी आमची नावं वारस म्हणून लागली.

निकाल आमच्या बाजूने लागला. माणसाच्या हातून चूक होते म्हणूनच तो खटका बसवलेला असतो, तो चालला नाही ही वस्तूतली उणीव, असं त्यात म्हटलं होतं. हीटर फार जवळ ठेवला म्हणून भरपाईचा थोडा भाग कापला होता. नानांनी तेवढाच परिच्छेद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"बरोबर शे," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की ती वस्तू मी आणली होती. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि निकालाचा कागद माझ्या हातात परत दिला. "तूच ठेव. मला तो घरात नको."