बैलांचा सोमवार

स्वतःच्या भांडवलावर घेतलेला पहिला गूळ मी भाड्याच्या बैलगाडीतून कडेगावहून सांगलीला नेत होतो. सोमवारी दुपारपर्यंत माल पोचला नाही तर सौदा मोडला समजा, असे व्यापाऱ्याने बजावले होते. वाटेत चाकाची लोखंडी धाव निखळली आणि रविवार लोहाराकडेच गेला. सोमवारी उजाडले, तरी म्हातारा गाडीवान लिंबाखाली आडवाच. सोमवारी बैल जुंपायचे नाहीत, असा आमच्याकडचा रिवाज. मी शिव्या घातल्या, मग भाडे दुप्पट केले.

"आवं शेट, मला कशाला वाढवून देताय? सोमवार बैलांचा हाय. त्यास्नी इचारा," असे म्हणून त्याने तोंडावर पटका ओढला.

भल्याभल्यांना मी भावात वाकवले आहे. बैल मात्र रवंथ करीत माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी त्यांच्याजवळ बसलो. धंद्याला लागल्यापासून असा दिवसाढवळ्या रिकामा मी कधी बसलो नव्हतो. सौद्याची आठवण झाली तेव्हा ऊन कलले होते.

सौदा मोडला. त्या म्हाताऱ्याला मी अजून माफ केलेले नाही. पण सोमवारी मी कुणाशी भाव करत नाही. गिऱ्हाईक मागेच लागले तर बैलांना विचारा म्हणतो. माझ्याकडे बैल नाहीत.