म्हशीच्या हाकेवर पास झालेला ॲम्प्लिफायर

माझ्या बायकोने भर बुधवार पेठेत, दुकानात उभं राहून म्हशीला हाक मारली होती.

म्हैस तिकडे आमच्या गावी, रिह्यात होती.

आज हौसाला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून ती हाक मनात घुमतेय, म्हणून लिहायला बसलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी उरवड्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. लग्नानंतर थोड्याच वर्षांत हौसाला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. अगदी जवळ जाऊन ओरडलं तरच काहीतरी पोचायचं.

खरं दुखणं पुढेच होतं.

तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही. आपण कुजबुजतोय की ओरडतोय, तिला कळायचंच नाही.

माझ्या भावाच्या लग्नात बायकांनी तिला नाव घ्यायला लावलं. ती इतक्या मोठ्याने बोलली की वाजंत्री थांबली. मांडव खो खो हसला.

त्या दिवसापासून हौसा बोलायचीच बंद झाली. घरातसुद्धा खुणा.

शाळेतल्या कविता येताजाता म्हणणारा मी, आणि समोर सगळं मौन.

मग तिच्या धाकट्या बहिणीचं, सखूचं लग्न ठरलं. सखू येऊन तिच्या कानाशी ओरडली, "आक्का, माझ्या मांडवात तू नाव घ्याचं! न्हाईतर म्या बोहल्यावर चढत न्हाई!"

हौसाच्या डोळ्यांत नुसती भीती.

त्याच सुमारास या दोघींचा बोटीवर नोकरी करणारा भाऊ सुट्टीला आला. तिथल्या एका साहेबाने नोकरी सोडताना आपले हेडफोन याला दिले होते. परदेशी, मऊ चामड्याच्या गाद्यांचे.

"दाजी, लई भारी माल हाय. आक्काला चालतोय का बगा."

रेडिओला लावून पाहिले. मला मुंगी गातेय असं वाटलं. हौसाला मुंगीही नाही.

म्हणून आम्ही दोघं पुण्याला, बुधवार पेठेतल्या रेडिओच्या दुकानात गेलो.

दुकानदार वयस्कर, मिस्कील. हेडफोन उलटेसुलटे करून म्हणाला, "अहो, हे उंची काम आहे. यांना रेडिओचा जोर पुरायचा नाही. टेबलावर ठेवायचा एखादा ॲम्प्लिफायर घ्या, त्याला माइक लावा. वहिनी बोलतील ते वहिनींनाच ऐकू जाईल."

त्याने तीन डबे काउंटरवर मांडले. हौसाच्या कानांवर हेडफोन चढवून प्रत्येकावर सिनेमाचं गाणं लावून दाखवलं, व्हॉल्यूम चढवत नेला.

हौसाने खांदे उडवले. मग कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून शब्द आले.

"समदी सारकीच. त्यास्नी इचारा, म्या बोलू का ह्यात?"

दुकानदाराने माइक पुढे केला.

"येऽऽ चंद्रेऽऽ! हॅऽऽ हॅऽऽ! हितं येऽऽ!"

रस्त्यावरचे लोक थांबले. चहावाला दारातच उभा राहिला.

दुकानदार मला म्हणाला, "म्हैस आली तर बाहेर बांधा बरं का. आत जागा नाही."

पहिला डबा सगळ्यात महाग, चकचकीत. हौसा म्हणाली, "ह्यो घागरीतनं बोलतुया."

दुसरा. पुन्हा चंद्रीला हाक. "ह्यात माशी अडाकलीया."

तिसरा साधा पत्र्याचा, दोन बटणांचा. एका शाळेच्या प्रार्थनेसाठी बनवलेला, शाळेने न नेलेला. माझ्या खिशाला पेलणारा तेवढाच.

तिने हाक मारली. मग थोडी हळू. मग अगदी हळू, गोठ्यात पाठीवर हात फिरवताना म्हणतात तशी, "चंद्रे..."

आणि माइक हातात तसाच धरून माझ्याकडे वळली.

"अवं, ह्यो माजा आवाज हाय. तापाच्या आदीचा."

दुकानदाराने बाकीचे दोन डबे उचलून ठेवले.

त्यानंतर वीज असली की रोज सकाळी प्रॅक्टिस. कानावर हेडफोन, समोर माइक, आणि एक हात गळ्यावर. कुठल्या आवाजाला गळा किती थरथरतो, ते ती तळव्याने शिकत होती. कारण मांडवात हेडफोन घालून कोण उभं राहणार?

मधूनच मी माइक घ्यायचो. केवढं साठलं होतं माझ्याकडे!

"लई बोलता की वो तुमी," ती म्हणायची.

मी मोठ्या हौसेने तिच्यासाठी उखाणाही रचला. त्यात चंद्रिका होती, निर्झर होता, मंद समीर होता.

तिने शांतपणे ऐकून घेतला.

"ह्ये तुमीच म्हना मांडवात."

सखूच्या लग्नात बायकांनी आग्रह केला. हौसा उभी राहिली. पदर सावरल्यासारखं करून तिने गळ्यावर हात ठेवला. आणि अगदी बेतशीर, शांत आवाजात म्हणाली,

"चुलीवर पेज शिजतीया रटरट,
सदाशिवरावांची आता ऐकू येतीया कटकट."

मांडव पुन्हा हसला.

तिला हसणं ऐकू येत नव्हतं. नुसते तोंड उघडलेले चेहरे दिसत होते. ती एकदम पांढरी पडली आणि गर्दीत मला शोधू लागली.

मी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होतो.

मग ती हसली.

सखू बोहल्यावरूनच बोटं नाचवत होती, "आक्का, आनिक येक!"

आणि हौसाने आणखी एक घेतलं. मग आणखी एक. शेवटी भटजींनी मुहूर्ताची आठवण करून दिली.

पुढची सगळी वर्षं ती माणसांत बसून बोलली. भांडलीसुद्धा, अगदी बेतशीर आवाजात.

हौसा, तुझ्या आठवणीला तुझ्या सदाशिवाचा ओल्या डोळ्यांनी नमस्कार.