‘उरलेले’ खोडून लिहिलेला शब्द

जे पुढे लिहितो आहे ते मी पत्नीला सांगितलेले नाही, थोरल्या भावालाही नाही. एकदा त्र्यंबकच्या एस.टी.मध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना सांगावेसे वाटले होते — अनोळखी माणसापाशी जीभ सैल होते — पण त्यांचा थांबा आधी आला, आणि ते उतरल्यावर मला सुटल्यासारखे वाटले. त्यानंतर प्रयत्नही केला नाही. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही कोण, हे मला ठाऊक नाही. म्हणूनच कदाचित हात चालतो आहे.

माझा व्यवसाय अर्ज लिहिण्याचा. नाशकात एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, पत्र्याचे टेबल मांडून मी लोकांच्या विनंत्या, तक्रारी आणि माफीनामे लिहीत आलो. शिक्षण नववी — तेही पुरे नाही. परंतु माझे अक्षर वळणदार आहे, आणि ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘विनम्रपणे निवेदन’ हे शब्द मी पदवीधराहून अधिक सफाईने वापरतो, असे आतले कारकून म्हणत. समोर बसलेल्या माणसाला त्याचेच गाऱ्हाणे मी भारदस्त भाषेत वाचून दाखवले, की तो पाठ ताठ करून बसे. मला वाटे, मी त्याला मान देतो आहे. तो मान नेमका कोणाला मिळत होता? — पण हे मी फार लवकर विचारतो आहे. आधी शालिनी सिस्टरांविषयी सांगितले पाहिजे.

शालिनी सिस्टर एका रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. उंची बेताची, चालणे झपाझप, आणि कोणतेही पातेले समोर आले की आधी झाकण काढून वास घेण्याची सवय. त्या जे काम करीत त्याला हल्ली फूड बँक म्हणतात. नव्वदच्या दशकात आमच्याकडे त्याला नावच नव्हते. ‘सिस्टरचा टेम्पो आला’ — एवढेच लोक म्हणत. टेम्पो रफिकभाईंचा. तोही अर्धा दिवस त्यांच्या धंद्यात आणि अर्धा दिवस या कामात.

लग्नाच्या कार्यालयांत जे अन्न शिजते पण पंगतीत जातच नाही, ते सिस्टर आचाऱ्यांकडून मागून घेत. त्यांचा नियम कडक होता. जे भांडे वाढायला बाहेर गेले, ते परत घ्यायचे नाही. आचाऱ्याने मागे राखलेल्या पातेल्यावर स्वच्छ फडके बांधायचे, झाकणावर खडूने वेळ लिहायची, दुधादह्याचे काही उचलायचे नाही. बाजार समितीतला लिलाव आटोपला की न विकलेली कोबी आणि टोमॅटो त्यांच्याकडे येत. विंचूरचा एक व्यापारी कोंब फुटलेला, पण आतून चांगला कांदा गोण्या भरून पाठवी. देवळ्याहूनही कधी येई. हे सारे शहराच्या कडेला, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून द्राक्षाच्या कामाला आलेल्या कुटुंबांच्या वस्तीत जाई. चैत्रात द्राक्षे संपली की त्या माणसांना काम नसे, आणि परत डोंगरात जावे तर पाऊस पडेपर्यंत तिथेही हाताला काही नसे. नेमके तेच दिवस लग्नांचे. एकीकडे भूक, दुसरीकडे शिजलेला भात — आणि मध्ये तो एक टेम्पो.

हे सगळे मी इतक्या तपशिलाने का सांगतो आहे? कारण मी काय मोडले, ते तुम्हाला नीट दिसावे.

पुढे कार्यालयांचे मालक विचारू लागले, परवानगी आहे का, काही बाधले तर जबाबदार कोण? शिवाय पातेली सावलीत ठेवायला जागा हवी होती. वस्तीच्या तोंडाशी जकातीची एक बंद पडलेली चौकी होती. ती मिळावी म्हणून सिस्टर माझ्याकडे अर्ज लिहवून घ्यायला आल्या. एका चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून आणले होते — ‘लग्नात उरलेले, न वाढलेले जेवण आम्ही गरजूंना देतो. रिकामी खोली मिळावी.’

मी ते वाचले आणि मला त्यांची कीव आली. असे कोणी सरकारला लिहिते का? मी लाल शाईने ‘उरलेले, न वाढलेले’ हे शब्द खोडले आणि वर एक शब्द लिहिला — ‘उच्छिष्ट’.

त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. ठाऊक आहे असे मला वाटत होते, हे अधिक वाईट. गणपतीच्या एका नावात तो शब्द मी ऐकला होता. देवाच्या नावातला शब्द म्हणजे शुद्ध आणि वजनदार असणारच, असे मी धरून चाललो. शिल्लक राहिलेले, एवढाच त्याचा अर्थ मी लावला. ज्याला आपण साध्या भाषेत उष्टे म्हणतो, त्यालाच संस्कृतात उच्छिष्ट म्हणतात — हे कोणाला विचारायचे मला सुचले नाही. मी कोणाला शब्द विचारीत नसे. लोक मला विचारीत.

सिस्टरांनी न वाचता सही केली. ‘तुम्ही लिहिलंय ना, मग झालं,’ म्हणाल्या.

चौकी मिळाली. आनंदाच्या भरात मीच सुचवले की दारावर फलक हवा, आणि मजकूर मी देतो. रंगाऱ्यापाशी उभा राहून मी तो लिहवून घेतला — ‘मंगल कार्यालयांतील उच्छिष्ट अन्नाचे गरजू कुटुंबांस विनामूल्य वितरण.’ निळ्यावर पांढरी अक्षरे. रफिकभाई बराच वेळ फलकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘मुन्शीजी, तुमचं मराठी वाचायचं म्हणजे आधी दोन घास खाऊन यावं लागतं.’ मी ती स्तुती समजलो.

काही आठवडे सारे सुरळीत चालले. वस्तीत वाचणारे थोडे, आणि जे अक्षरे जुळवीत त्यांनाही तो शब्द कळत नसे. मी अधूनमधून तिथे जाई. कशासाठी? — फलक पाहायला. माणसे जेवताना पाहायला नव्हे. 

अशाच एका दुपारी मी तिथे होतो. टेम्पोतून चार पातेली भात उतरला होता. वस्तीतली सर्वांत वडीलधारी बाई काशीबाई. तिच्या शब्दावर रांग लागे आणि मोडे. तिचा भाचा त्या दिवशी पेठहून भेटायला आला होता. आश्रमशाळेत गुरुजी होता. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. त्याने फलक मोठ्याने वाचला, थांबला, पुन्हा वाचला.

‘मावशी, हे काय खाता तुमी?’ तो म्हणाला. ‘हे उष्टा हे. लोकांच्या पानातला. यांनी वर लिवूनच ठेवलाय.’

रांगेतली एक बाई हसली. तिला चेष्टा वाटली. मग तिने काशीबाईच्या तोंडाकडे पाहिले आणि हातातले भांडे पदराआड घेतले.

सिस्टर पुढे झाल्या. उष्टे नाही, भांड्यांना कोणाचा हात लागलेला नाही, हे त्यांनी परोपरीने सांगितले. गुरुजी शांतपणे म्हणाला, ‘मग बाई, लिवला कोनी?’

सिस्टर माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट हायसे वाटल्याचे दिसत होते — बरे झाले, लिहिणारा इथेच आहे. ‘भाऊसाहेब, तुम्हीच सांगा यांना. चुकून पडला ना शब्द?’

पाहा, त्यांनी उत्तरही माझ्या हातात दिले होते. फक्त ‘हो’ म्हणायचे होते. माझ्या काखेतल्या पिशवीत त्यांची ती चिठ्ठी होती, माझ्या लाल शाईसकट. तीही काढून दाखवता आली असती. पण त्या क्षणी मला काय दिसत होते? त्या पोरसवदा गुरुजीच्या खिशाचे पेन. डोंगरातल्या शाळेचा एक मास्तर मला, माझ्याच शब्दाचा अर्थ, चारचौघांत शिकवीत होता. मला तो अर्थ त्याच क्षणी कळला होता — त्या सगळ्या बायांबरोबर, एकाच वेळी.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, ‘अर्जनवीस पदरचा शब्द घालीत नसतो. अर्जदार जे सांगतो, तेच लिहितो.’

हीच ती गोष्ट. बाकी सारे तिच्या आधीचे आणि नंतरचे आहे.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, ‘सही माझी आहे.’

काशीबाई उठली. ‘बाई, आमी गरीब हाव,’ ती म्हणाली. ‘पन कोनाचा उष्टा खायाला नाशकात नाय आलो.’ आवाज चढलेला नव्हता. रांग मोडली.

तो चार पातेली भात रफिकभाईंनी दुपारभर शहरात फिरवला. उन्हात कोण घेणार? उन्हे कलता कलता तो आंबला आणि सिस्टरांनी तो चौकीमागे खड्डा करून ओतला. मी पुढे होऊन फावडे मागितले. त्यांनी ते दिलेही. मी माती लोटली. एवढी मदत मात्र मी केली.

रफिकभाईंनी दुसऱ्याच दिवशी फलकावर रंग फासला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत ‘उरलेले’ लिहिले. त्याने काय होणार? एकदा ऐकलेला शब्द पुसायला रंग कुठे असतो? आता ‘उरलेले’ म्हटले तरी वस्तीला ‘उष्टे’च ऐकू येई. सिस्टरांनी काशीबाईला आचाऱ्यांपाशी नेऊन दाखवायची तयारी केली. ती आली नाही. मग त्या फक्त कच्चा माल घेऊन गेल्या, कांदा आणि कोबी. तोही कोणी घेतला नाही. त्या हातांवरचा विश्वासच गेला होता.

तुम्ही विचाराल, मग ती माणसे काय खात होती? ते मी पाहिले आहे. बाजार समितीत, लिलाव संपल्यावर, वस्तीतल्या बाया चिखलातून कोबीची बाहेरची पाने वेचीत. बैलांच्या पायांखालची. काशीबाई त्यांत होती. जमिनीवरचे स्वतः वाकून उचललेले कोणाचे उष्टे नव्हते. सिस्टरांनी धुऊन, निवडून, हातात दिलेले मात्र होते. तिने मला ओळखले. ‘लिवनार दादा,’ म्हणाली, आणि मी वाटेत उभा होतो म्हणून बाजूला हो, अशी हाताने खूण केली. मी बाजूला झालो. त्या वेळी तरी सांगायचे होते. काय अडचण होती? दोन वाक्ये होती. मी घरी जाऊन जेवलो.

पाऊस यायच्या आधीच ती कुटुंबे मुलाबाळांसह डोंगराकडे निघून गेली. तिथेही काही नव्हते, हे त्यांना माहीत होते. कार्यालयांतल्या आचाऱ्यांनी पातेली राखून ठेवणे हळूहळू सोडले, कारण न्यायला कोणी येईना. एका कार्यालयामागे मी भाताचा पांढरा ढीग पाहिला. त्यावर डुकरे होती. रफिकभाई एकदा टेबलापाशी आले, बसले नाहीत. ‘मुन्शीजी, सिस्टरला असला शब्द येतो तरी का?’ एवढेच विचारून उत्तराची वाट न बघता गेले. त्यानंतर त्यांनी मला सलाम केला नाही. चौकीला पुन्हा कुलूप लागले.

वर्षे गेली. सिस्टर नांदगावला भाच्याकडे राहायला गेल्याचे कळले. नवे शतक उजाडले होते, फाटकाबाहेर संगणकावर अर्ज छापून देणारे बसू लागले होते, आणि माझ्यापाशी रिकामा वेळ फार झाला होता. त्या रिकाम्या वेळेत काय काय येऊन बसते, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. एके दिवशी मी एस.टी. धरून नांदगावला गेलो. सांगायचेच, असे ठरवून गेलो. वाटेत मजकूरही जुळवला होता — पहिल्यांदाच, साध्या शब्दांत.

त्या थकल्या होत्या, पण शुद्ध पूर्ण होती. मला पाहून खरोखर आनंदल्या. भाच्याच्या बायकोला हाक मारून म्हणाल्या, ‘अगं, हे नाशिकचे भाऊसाहेब. यांनी माझा अर्ज केला होता, आणि मी घोटाळा केला.’ मला वाटले, टोमणा आहे. टोमणा असता तर मी वाचलो असतो. त्या पुढे सांगू लागल्या: रुग्णांच्या ताटांत राहिलेल्या अन्नाला आम्ही दवाखान्यात उष्टंच म्हणायचो. तीच सवय. बोलता बोलता माझ्याच तोंडून गेलं असणार, आणि यांनी ते शुद्ध करून लिहिलं. यांची काय चूक? ‘माझ्या एका शब्दापायी त्या बाया उपाशी राहिल्या हो,’ त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसू लागल्या.

त्यांना ते आठवत होते. जे कधी घडलेच नव्हते ते त्यांना आठवत होते. इतकी वर्षे त्या मनात शोधत राहिल्या होत्या, की आपण असे कसे बोललो. आणि शोधणाऱ्याला सापडते तसे त्यांना सापडले होते.

मी जुळवलेला मजकूर माझ्यापाशी होता. त्या समोर होत्या. भाच्याच्या बायकोने ताट वाढून आणले — पिठले, भाकरी, कांदा. सिस्टर म्हणाल्या, ‘आधी जेवा, मग बोलू.’ मी जेवलो. मग पाच वाजताची एस.टी. आहे असे म्हणालो. त्यांनी फाटकापर्यंत सोबत केली.

गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. भाच्याचे पत्र आले. काशीबाईच्या वस्तीच्या जागी आता इमारती आहेत. ती माणसे कुठल्या पाड्यावर गेली, कोण राहिले, कोण नाही, मला माहीत नाही. विचारायला कोणी उरलेले नाही. तरी लिहून ठेवतो.

शालिनी सिस्टरांनी तो शब्द कधीही उच्चारला नव्हता. तो मी लिहिला, आणि त्यांच्या तोंडी घातला.