शेपटीचे दोन सेंटिमीटर

पहाटेचे पाच चाळीस. धक्क्यावरच्या लिलावगृहात, तिसऱ्या खांबाजवळ, एक बाई उकिडवी बसून बांगडे मोजते आहे. समोर लाकडी फळी, फळीवर ठोकलेली स्टीलची पट्टी. मासा डावीकडे नाक टेकवून ठेवायचा, शेपटीच्या बेचक्यापर्यंत वाचायचं, वहीत आकडा टाकायचा, मासा परत टोपलीत. एका माशाला सात सेकंद.

ती सागरी परिसंस्थेची अभ्यासक आहे, वय चोपन्न. समुद्रातले मासे किती उरले आणि केवढे उरले, हा तिचा विषय. सव्वीस वर्षं ती याच खांबाजवळ बसते. धक्क्यावर तिला कुणी डॉक्टर म्हणत नाही. म्हणतात, मापाडीबाई.

"मापाडीबाई, तुमची बहीण काल परत टीव्हीवर होती," लिलाव पुकारणारा म्हणाला. त्याचा आवाज इतका मोठा की गुपितही तो लिलावाच्या सुरात सांगतो. "काय बोलते! आम्हालाही समुद्र कळायला लागला."

"अठरा वर्षं ती समुद्रात उतरलेली नाही," मापाडीबाई म्हणाली आणि एकवीस पूर्णांक दोन असं लिहिलं.

"पण बोलते छान."

"बोलायला कोरडे पाय लागतात."

बहीण म्हणजे मावसबहीण, सात वर्षांनी धाकटी. तिला या कामाची गोडी मापाडीबाईनेच लावली. मोजणीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी दोघी याच फळीवर शेजारी बसत. एक मोजे, दुसरी लिही. मग धाकटी शिष्यवृत्ती घेऊन परदेशी गेली, उपग्रहांची छायाचित्रं आणि गणिती प्रारूपं शिकून आली आणि पाच वर्षांत मत्स्यधोरण समितीची अध्यक्ष झाली. थोरलीचं कार्यालय अजूनही बर्फाच्या कारखान्यावरची एक खोली आहे. तिथे खिडकी उघडली की वास येतो आणि मिटली की यंत्राचा आवाज.

आपल्याला जळफळाट होतो हे ती लपवत नाही. "पोटात दुखतं," ती साधेपणाने सांगते, "आणि औषध घ्यावंसं वाटत नाही."

गेल्या वर्षी धाकटीचा निरोप आला. समितीला बांगड्याच्या किमान मापाचा नियम करायचा होता. त्याहून लहान मासा पकडायला बंदी. सव्वीस वर्षांची सलग मोजणी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. निरोपाची शेवटची ओळ अशी होती: "ताई, फक्त आकडे पाठव, बाकीचं मी बघते."

तिने फक्त आकडेच पाठवले.

चार महिन्यांनी छापील अहवाल आला. रंगीत मुखपृष्ठ, एकशे बारा पानं. ऋणनिर्देशात तिचं कार्यालय होतं, तिचं नाव नव्हतं. "आयत्या बिळावर नागोबा," असं म्हणून तिने एकतिसावं पान उघडलं आणि तिथेच थांबली.

आलेखातली रेषा नऊ वर्षं जवळजवळ सपाट चालत होती आणि दहाव्या वर्षी पायरीवरून उतरल्यासारखी एकदम दोन सेंटिमीटर खाली गेली होती. मासे असे एका वर्षात आखडत नाहीत. आखडलं होतं ते माप. पहिली नऊ वर्षं ती शेपटीच्या टोकापर्यंत मोजत असे. बर्फात आणि टोपल्यांत शेपटीची टोकं तुटतात, म्हणून दहाव्या वर्षापासून तिने बेचक्यापर्यंत मोजायला सुरुवात केली. वहीत त्या वर्षाच्या पहिल्या पानावर तशी नोंद आहे, लाल शाईत. धाकटी फळीवर बसली ती त्याआधी. तिच्या दृष्टीने बांगडा टोकापर्यंतच मोजला जातो.

म्हणजे अहवालातली सव्वाचार सेंटिमीटरची घट खरी होती, पण निम्मीच. आणि बांगडा अंडी धरतो ते माप समितीने एकोणीस धरलं होतं. ते तिच्या वहीतलं, बेचक्यापर्यंतचं एकोणीस. बंदरावरचा निरीक्षक मोजणार टोकापर्यंत. तिथे ते एकवीस व्हायला हवं होतं.

समितीच्या खुल्या सभेला नऊ दिवस होते. ती मूग गिळून बसली.

तिचा बेत ठरला होता. सभा भरेल, धाकटी पडद्यासमोर उभी राहील, ती एकतिसाव्या पानाचा आलेख दाखवेल, आणि मागच्या रांगेतून एक हात वर होईल. प्रश्न तिने लिहूनही ठेवला. तीनदा घासून शेवटी पाच शब्दांवर आणला: "शेपटी कुठपर्यंत मोजली आहे, मॅडम?"

नवरा शाळेत भूमिती शिकवतो. त्याने तो कागद जेवणाच्या टेबलावर वाचला.

"छान आहे. पण पट्टी बदलली हे पोराने सांगितलं नाही, तर मी मार्क कुणाचे कापतो?"

"मला विद्यार्थी समजू नकोस."

"बरं," तो म्हणाला आणि भात वाढून घेतला.

आठव्या दिवशी सकाळी एका बोटीवरून लहान बांगड्यांची टोपली उतरली. तिने नेहमीप्रमाणे दहा मासे चिरले. टोकापर्यंत एकोणीस भरणारे सगळे कोवळे होते. एकाच्याही पोटात पिकलेली अंडी नव्हती.

"इतके बारीक कशाला आणलेत?" तिने तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, विचारलं.

"नवा नियम एकोणीसचा ना? बारीक भोकांचं जाळं शिवून घेतलंय. मी एकटा नाही, अकरा बोटी आहेत. तुमच्याच बहिणीचा नियम, बाई. उद्या सही."

"सही सभा संपल्यावर होईल."

"छे! कार्यक्रमपत्रिका लागलीय फळ्यावर. सही आधी, मग भाषण, मग प्रश्न."

तिने जाऊन पत्रिका वाचली. तांडेल बरोबर होता. तिचा हात वर व्हायचा तर नियम आधी मंजूर व्हायला हवा होता. अकरा बोटी अंडी न घातलेला मासा कायद्याने उपसणार, आणि ती मागच्या रांगेत बसून आपल्या पाळीची वाट बघणार.

तिने चिरलेले दहा मासे बर्फात ठेवले, हात धुतले आणि फोन लावला.

"ताई? बोल पटकन, बैठकीत आहे."

"दहाव्या वर्षापासूनची मापं बेचक्यापर्यंतची आहेत. तू टोकापर्यंतची धरलीस. एकोणीस नाही, एकवीस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"अहवाल आला त्या दिवसापासून. आठ दिवस."

"आणि आकडे पाठवलेस तेव्हा?"

"तेव्हाही. नोंद वहीत आहे. तू फक्त आकडे मागितले होतेस."

"मी गधडी होते म्हणून मागितले. तू कोण होतीस?"

"लाल शाईचं पान पाठवते," ती म्हणाली.

सभेत धाकटीने सहीआधीच माईक घेतला, चूक आपली असल्याचं सांगितलं आणि नियम एकवीसचा केला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. एका वर्तमानपत्राने तिच्या प्रामाणिकपणावर अर्धं पान लिहिलं. थोरलीच्या आठ दिवसांबद्दल धाकटी कुणाकडे एक शब्दही बोलली नाही.

मापाडीबाईला हेच सर्वांत जास्त लागतं. "आमचं बरोबर कुणी वाचत नाही," ती म्हणते, "आणि तिची चूकही गाजते. वर माझी अब्रू तिच्या मुठीत. भांडली असती तर बरं झालं असतं."

अकरा बोटींनी जाळी परत मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची, शिवून घेतली. तांडेल अजून कुरकुरतो, पण त्याच्या टोपलीत आता एकोणीसचा मासा दिसत नाही.

समितीकडून नवा तक्ता आला आहे. त्यात मापाला दोन रकाने आहेत, बेचक्यापर्यंत आणि टोकापर्यंत. खाली 'मोजणाऱ्याचा शेरा' अशी चार ओळींची जागा. ती कुणी ठेवायला सांगितली, हे तिने विचारलेलं नाही.

साठावा बांगडा टोपलीत पडला. पाच पन्नास. तिने फळी धुतली आणि खांबाला टेकवून ठेवली. उद्या पाच चाळीसला, त्याच खांबाजवळ, साठ बांगडे. प्रत्येकाची दोन मापं.