रशियनआबांच्या नावचा रोट

माझ्या आयुष्यात मला मिळालेलं एकमेव स्वगत मी अजून म्हटलेलं नाही, कारण ऐन वेळी माझं तोंड भरलेलं होतं.

जळगावातल्या आमच्या हौशी नाट्यमंडळाला एका जुन्या रशियन लेखकाचं वेड आहे. त्याचं नाव घेताना प्रत्येकाची जीभ वेगळ्या जागी अडकते, म्हणून आम्ही त्याला सरळ रशियनआबा म्हणतो. रशियनआबांच्या प्रत्येक नाटकात कुणीतरी मरतं. तो मी असतो. क्षयाने मेलो, द्वंद्वयुद्धात मेलो, एकदा तर पडदा उघडायच्या आधीच मेलेलो होतो. धुळ्याला राहणारे माझे चुलतभाऊ नाना, निवृत्त बस ड्रायव्हर, दर वेळी पहिल्या रांगेत बसून माझं मरण बघायचे आणि नंतर खांद्यावर हात ठेवून विचारायचे, की ही माणसं तुला बोलू कधी देणार?

त्या वर्षी मात्र मी उमराव होतो, आणि जिवंत! नाटक असं : बर्फाचं वादळ, उमरावाचं सगळं गेलेलं, घरात पावाचा शेवटचा तुकडा. दोन वाटसरू दार ठोठावतात. उमराव तो पाव त्यांना देतो, स्वतः उपाशी राहतो आणि माणसाच्या भुकेवर मोठ्ठं स्वगत म्हणतो. ते मी आंघोळीला, भाजी निवडताना, स्कूटरवर, सगळीकडे म्हणत होतो. बायको सुनंदा म्हणाली, तुमच्या भुकेने माझी भूक मेली.

प्रयोग धुळ्याला, स्पर्धेत. आणि तो नेमका कानबाईच्या पाठोपाठ आला.

आता कानबाईच्या रोटांचं सांगायलाच हवं. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू घेतात, दळतात आणि त्याचे जाडजूड रोट करतात. ते खायचे फक्त भाऊबंदांनी आणि त्यांच्या घरच्यांनी. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, टाकायचा नाही, सगळे संपवायचे. (माझी सख्खी बहीण लग्न झाल्यापासून लांबूनच वास घेते.) त्या वर्षी नानांना जळगावला येणं जमलं नाही, म्हणून त्यांच्या वाटणीचे रोट मी धुळ्याला न्यायचे ठरले.

म्हणजे माझ्याकडे पिशव्या दोन झाल्या. एकीत नाटकातला पाव, एकीत रोट. दोन्ही एकाच कापड दुकानाने दिलेल्या, एकाच रंगाच्या. घोटाळा होऊ नये म्हणून सुनंदाने एका पिशवीला लाल दोरा बांधला. मी घोटाळा केला नाही. दोरा कोणत्या पिशवीला, एवढंच विसरलो.

प्रयोगाआधी मी नानांच्या हातात पिशवी दिली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले.

पडदा उघडला. वरून कापसाचा बर्फ पडू लागला. (आमच्याकडे रशिया उभा करायला तेवढी एकच गोष्ट मुबलक आहे.) रशियन चहाचा समोवार म्हणून घरचा पितळी बंब धुमसत होता. अंगात लोकरी कोट, डोक्यावर केसाळ टोपी, आणि धुळ्याचा उकाडा. वाटसरू आले. एक आमचे दिग्दर्शक वाणी सर, दुसरा देसले, जो तालमीला खरा पाव मिळतो म्हणूनच यायचा. मी हात पसरून म्हणालो, "घ्या, माझा शेवटचा घास तुमचा." आणि मंडळाच्या पोरांनी पिशवीतून लावून ठेवलेल्या ताटावरचं फडकं उचललं.

ताटात रोट.

मी प्रेक्षकांत पाहिलं. नाना मांडीवरच्या पिशवीतून पाव काढून उलटसुलट करून बघत होते.

वाणी सरांनी हात पुढे केला. मी तो हात बाजूला सारला. देसलेने तोवर एक रोट उचलला होता. तो मी त्याच्या ओठांपासून ओढून घेतला. पण घेतलेला ठेवायचा कुठे? मी खाल्ला. देसलेचे डोळे दुसऱ्या रोटावर गेले. मी तोही खाल्ला. दाढीच्या आडून वाणी सर पुटपुटले, "अहो, तुम्ही उपाशी आहात ना?" मी म्हणालो, "तुम्ही आमच्यातले नाही." हे वाक्य माइकने नेमकं पकडलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं.

उमराव ताट छातीशी धरून रंगमंचभर पळतोय, मागे दोन भुकेले वाटसरू, आणि वर बर्फ! तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "बठ्ठा येकलाच खाशी का, भाऊ? मी शे ना."

सगळं एकट्याने कशाला, मीही आहेच की, असं म्हणत नाना पायऱ्या चढून वर आले. चपला रशियाच्या सीमेवर काढल्या, समोवारातल्या पाण्याने हात धुतले आणि मांडी घालून बसले. मीही बसलो. दोघं भाऊ खाऊ लागलो. नाना रोटावरचा बर्फ चिमटीने काढत होते. आणि मग माझ्यावर एकट्यावर प्रकाश आला. स्वगत!

मी तोंड उघडलं. रोट घशात बसला. आवाज नाही, नुसत्या डोळ्यांतून धारा. पडदा पडला.

परीक्षक म्हणाले, की दानशूर उमरावाला हावरट दाखवण्याचं धाडस आजवर कुणी केलेलं नाही. आणि त्या ग्रामीण वृद्धाचा सहजाभिनय! अभिनयाचं पदक नानांना मिळालं. मी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. हाताला रोटांचं तूप होतं, आवाज फार आला नाही.

प्रेक्षकांत बसलेल्या सुनंदाने सगळं मोबाइलवर टिपलं होतं. आता दर कानबाईला सगळे भाऊबंद टीव्हीसमोर बसून आमच्या घरचा हा रशियन सिनेमा बघतात. नानांनी तर जाहीर केलं, की ज्याच्या नाटकात आपले रोट संपले तो परका कसा? तेव्हापासून गहू मोजताना रशियनआबांच्या नावाचीही एक मूठ पडते.

त्यांच्या वाटणीचा रोट मीच खातो. मंडळी मोठ्या आशेने म्हणतात, आता तरी ते स्वगत होऊन जाऊ द्या. पण तोंडात आबांचा रोट असताना बोलायचं कसं? शिवाय सरावही राहिलेला नाही. त्याच्या पुढच्या नाटकापासून मी पुन्हा मरायला लागलो आहे.